‘गोळ्या घेताय ना?’ मधला ‘ना’

एचआयव्हीच्या गोळ्या सरकार फुकट देतं, मग त्या खरोखर पोटात जातात का हे बघायला नको? हा प्रश्न निघाला की लगेच दोन फळ्या पडतात. एक फळी म्हणते, रोज गोळी गिळतानाचा व्हिडिओ मागवा, बोटाचा ठसा घ्या, चुकवणाऱ्याला जाब विचारा, शेवटी पैसा जनतेचा आहे. दुसरी म्हणते, गोळ्या मोजणं हाच रुग्णाचा अपमान आहे. मधुमेहाच्या माणसाच्या गोळ्या कुणी टेबलावर ओतून मोजतं का? मग इथेही मोजणं बंद करा. वाद वर्षानुवर्षं याच दोन खुंट्यांभोवती फिरतो आहे, कारण दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न तपासता मान्य केलेली आहे: मोजायचं म्हणजे रुग्णाची परीक्षा घ्यायची. एकीला ती कडक हवी आहे, दुसरीला नकोच आहे. मला वाटतं मोजायला हवं, अगदी नेमाने मोजायला हवं. पण ज्या मोजणीत खरं सांगणाऱ्याचं नुकसान होतं, ती खोटेच आकडे देणार. तिच्यामागे कितीही यंत्रं उभी केली तरी.

काही वर्षं मी एका जिल्ह्याच्या गावी एआरटी सेंटरवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या सरकारी केंद्रावर, काउन्सेलर होते. रुग्ण उरलेल्या गोळ्यांची बाटली घेऊन येई. मी त्या मोजायची, दिलेल्या गोळ्यांतून वजा करायची, जितक्या घ्यायला हव्या होत्या त्या संख्येने भागायची आणि शंभराने गुणून टक्के लिहायची. ९५च्या वर आले की पुढचा रुग्ण, खाली आले की समजावणं. एका सकाळी कामावर येताना एसटी स्टँडवर आमच्याच सेंटरची एक बाई दिसली. भिंतीकडे तोंड करून बसली होती आणि पदरात गोळ्या ओतून मोजत होती. दोनदा मोजल्या. मग चार गोळ्या गटारात टाकल्या आणि बाकीच्या बाटलीत भरल्या. तासाभराने ती माझ्यासमोर बसली तेव्हा हिशोब शंभर टक्के आला. मी शंभर लिहिले. तेव्हा तिला काही विचारायचं धैर्य मला झालं नाही. पण महिन्याला चार गोळ्या चुकलेल्या बाईला चार गोळ्या गटारात टाकाव्याशा का वाटल्या, हा प्रश्न तेव्हापासून माझ्यामागे लागला आहे. आकडा तिचा होता, तो खोटा करायची गरज आम्ही निर्माण केली होती.

मुळात हे ९५ आले कुठून? २००० साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक चिप बसवून बाटली कधी उघडली याची नोंद ठेवली होती. रुग्ण शंभराहून कमी होते आणि औषधं त्या काळच्या प्रोटीज इनहिबिटर गटातली, शरीरातून झपाट्याने निघून जाणारी. ९५ टक्के किंवा जास्त गोळ्या घेणाऱ्यांतही साधारण पाचांतल्या एकाचा उपचार फसला, आणि ८० ते ९५च्या मधल्यांत दहांतल्या सहांचा. त्या औषधांपुरता तो आकडा प्रामाणिक होता. पुढे औषधं बदलली, आकडा मात्र जगभरच्या रजिस्टरांत मुक्काम ठोकून बसला. आज आपल्याकडच्या पहिल्या टप्प्याच्या उपचारात टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर एकाच गोळीत असतात, दिवसातून एकदा. यातलं डोल्युटेग्राव्हिर एखाददुसरी चूक पोटात घालतं, विषाणूला त्याच्याविरुद्ध प्रतिकार उभारणं फार जड जातं. याचा अर्थ गोळ्या चुकवा असा नाही. पण एखाद्या माणसाला शंभरातल्या ज्या गुणावर पास-नापास ठरवायचं, तो गुण कुठल्या पेपरचा आहे हे तरी ठाऊक हवं.

जरा हिशोब करून बघा. महिन्याच्या तीस गोळ्यांत एक चुकली तर ९६.७ टक्के, दोन चुकल्या तर ९३.३. शाबासकी आणि समजावणं यांच्यामध्ये एक गोळी. शिवाय ही टक्केवारी गोळ्या कशा चुकल्या ते सांगतच नाही. तीन महिन्यांच्या नव्वद गोळ्यांत दहा सुट्यासुट्या राहणं आणि सलग दहा दिवस औषध बंद पडणं, दोन्हींचं उत्तर ८८.९ टक्के. विषाणूला मात्र हा फरक कळतो. पूर्वीच्या एफाव्हिरेंझच्या उपचारात तर फारच. सगळी औषधं एकदम थांबली की सोबतची आधी ओसरत, एफाव्हिरेंझ कित्येक दिवस एकटं रक्तात रेंगाळे, आणि एकट्या औषधासमोर विषाणूला प्रतिकार शिकायची आयती संधी मिळे. म्हणून ‘किती?’ या प्रश्नाआधी ‘कधी?’ आणि ‘कशामुळे?’ हे प्रश्न येतात, आणि या दोन्हींचं उत्तर बाटलीत सापडत नाही, माणसापाशी असतं.

आता कडक मोजणीवाल्यांचं जे बरोबर आहे ते पूर्णपणे मान्य करते, कारण ते हलकं नाही. औषध नियमित घेणं ही एचआयव्हीत केवळ खासगी बाब राहत नाही. २०११ साली एचपीटीएन ०५२ या चाचणीने दाखवलं की वेळेवर उपचार सुरू केले तर जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो. ती चाचणी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेतही झाली होती, त्यामुळे हे शास्त्र परक्या देशातून आलेलं नाही. विषाणू दबलेला राहिला तर शरीरसंबंधातून तो पुढे जात नाही, आणि अर्धवट उपचारात तो प्रतिकारक्षम होऊन पुढे जाऊ शकतो. पहिली औषधं निकामी झाली की द्यावी लागणारी दुसऱ्या टप्प्याची औषधं महाग आहेत आणि तिसऱ्यानंतर फारसं काही उरत नाही. तेव्हा ‘मोजूच नका’ हा सल्ला देणाऱ्यांनी आधी सांगावं की ज्याची औषधं सुटत चालली आहेत त्याला वेळेत ओळखायचं कसं?

कडक मोजणीवाल्यांचा दुसरा मुद्दाही खरा आहे: नुसतं विचारून खरं उत्तर मिळेल याची खात्री नसते. हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथांतसुद्धा, रुग्ण औषध घेतल्याचं खोटं सांगतात, लक्ष ठेवा, अशी सूचना आहे. आणि आमच्या क्षेत्रातला सर्वांत धडा शिकवणारा दाखला आफ्रिकेतला आहे. २००९ ते २०१२ या काळात दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वे इथे ‘व्हॉइस’ नावाची चाचणी झाली. संसर्ग नसलेल्या ५,०२९ स्त्रियांना संसर्ग टाळण्यासाठी रोज गोळी किंवा जेल वापरायला दिलं होतं. त्यांच्या सांगण्यावरून वापर निघाला सुमारे ९० टक्के. परत आणलेलं औषध मोजून निघाला ८६ टक्के. रक्त तपासलं तेव्हा एक तृतीयांशाहूनही कमी नमुन्यांत औषध सापडलं.

‘बघा, लोक खोटं बोलतात’ असं सांगताना हा दाखला हमखास पुढे केला जातो. पण आकडे पुन्हा वाचा. तोंडी उत्तर ९०, मोजणी ८६. ज्या मोजणीला आपण पुरावा समजतो ती बोलण्याइतकीच फसवी निघाली. खोटं बोलू शकणारा माणूस मोजणीही खोटी करू शकतो, आमच्या स्टँडवरच्या बाईसारखी. पुढे त्याच चाचणीतल्या काही स्त्रियांना त्यांच्या रक्तात औषध किती सापडलं ते दाखवलं आणि न रागावता कारण विचारलं. तेव्हा त्या बोलल्या. घरात ही गोळी दिसली तर मलाच एचआयव्ही आहे असं लोक म्हणतील. दुष्परिणामांची धास्ती वाटायची. आजूबाजूच्या बायका घेऊ नको म्हणायच्या. ही सगळी कारणं पहिल्या दिवसापासून त्यांच्यापाशी होती. ती सांगावीत अशी जागा मात्र पहिल्या दिवसापासून नव्हती.

मग यंत्राने मोजावं का? हाही प्रयोग आपण करून बसलो आहोत. क्षयरोगासाठी आपल्याकडे ९९डॉट्स ही पद्धत आली. पाकिटातून गोळी काढली की खाली छापलेला फोन नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा. एचआयव्ही आणि क्षयरोग दोन्ही असलेल्यांसाठी ती एआरटी सेंटरांतही वापरली गेली. कल्पना हुशारीची आणि स्वस्त. पण चेन्नई, वेल्लोर आणि मुंबईत या मिस्ड कॉलच्या नोंदी लघवीतल्या औषधाच्या तपासणीशी ताडून पाहिल्या, तेव्हा चुका दोन्हीकडून निघाल्या. काहींनी गोळी घेतली होती, कॉल केला नव्हता. काहींनी कॉल केला होता, लघवीत औषध नव्हतं. एका खोलीत पाच माणसं राहतात, फोन नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात असतो, रिचार्ज संपलेला असतो. मिस्ड कॉलने यातलं काय मोजलं?

आणखी दोन प्रयोग शेजारी ठेवून बघण्यासारखे आहेत. दक्षिण भारतात ६३१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांना आठवड्यातून एकदा फोनवर रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवला जाई आणि एक चित्रसंदेश पाठवला जाई. दोन वर्षांनी पाहिलं तर ज्यांना हे मिळालं नव्हतं त्यांच्यात आणि यांच्यात फरक नाही. त्याआधी केनियात, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सेंटरमधून आठवड्याला एकच मेसेज जाई: ‘मांबो?’ म्हणजे ‘काय, कसं काय?’ गोळीचा उल्लेखही नाही. रुग्ण ‘बरं आहे’ किंवा ‘अडचण आहे’ असं कळवी. अडचण असेल किंवा उत्तरच आलं नाही तर नर्स स्वतः फोन करी. तिथे औषधाचं सातत्य वाढलं आणि विषाणूही जास्त जणांत दबला. दोन देश, दोन समाज, त्यामुळे यावरून मोठा सिद्धांत काढायला मी धजणार नाही. पण एकीकडे यंत्र आठवण करून देत होतं आणि दुसरीकडे माणूस विचारपूस करत होता, हा फरक मला नजरेआड करता येत नाही. फोन दोन्हीकडे होता.

इतिहासात मागे गेलं की कळतं, ‘गरीब माणसाला औषध नेमाने घेणं जमेल का’ ही शंका एचआयव्हीपेक्षा जुनी आहे. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग केंद्र सुरू झालं आणि तिथे एक धाडसी प्रश्न तपासला गेला: दाटीवाटीच्या घरात राहणाऱ्या, पोटभर अन्नही न मिळणाऱ्या क्षयरोग्याला घरीच औषध दिलं तर तो सॅनेटोरियममधल्या रुग्णाइतका बरा होईल का? झाला, जवळपास तितकाच. सॅनेटोरियमचा जमाना संपवायला या अभ्यासाचा मोठा हातभार लागला. पण त्याच केंद्रातल्या वॉलेस फॉक्स यांच्या चमूने अचानक घरी जाऊन गोळ्या मोजल्या, लघवी तपासली, आणि घरी औषधं चुकतात हेही कबूल केलं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. फॉक्स यांच्या माणसांनी चूक शोधली ती औषधयोजना सुधारण्यासाठी. पुढे देखरेखीखालच्या उपचाराचा कार्यक्रम झाला आणि ‘देखरेख’ शब्दाने उपचाराला मागे ढकललं. रोजंदारीवर जाणाऱ्याने गोळीसाठी सकाळी दहाला केंद्राच्या दारात उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न रजिस्टरच्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हता.

दुसरा प्रसंग २००१चा. त्या वर्षी मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा वर्षभराचा उपचार साडेतीनशे डॉलरला देऊ केला. श्रीमंत देशांत तेव्हा त्याला दहा हजार डॉलरच्या वर पडत. किमतीचा अडसर हलू लागताच दुसरा पुढे आला. अमेरिकेच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख अँड्र्यू नात्सिओस यांनी सांगितलं की आफ्रिकेतल्या अनेकांनी आयुष्यात घड्याळ पाहिलेलं नाही, वेळेवर औषध घेणं त्यांना जमणार नाही. पाच वर्षांनी, २००६ साली, दोन्ही खंडांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. पुरेसं सातत्य असलेले रुग्ण आफ्रिकेत ७७ टक्के निघाले, उत्तर अमेरिकेत ५५. यातल्या बऱ्याच अभ्यासांत रुग्णाच्या तोंडचीच माहिती होती, म्हणून हे आकडेही जपूनच वापरायला हवेत. तरीही मोजण्यामुळेच तो पूर्वग्रह उघडा पडला. मोजूच नका म्हणणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगते. आफ्रिकेत कुणी मोजलंच नसतं, तर ‘त्यांना जमत नाही’ हे वाक्य आजही खरं मानलं गेलं असतं.

दुसऱ्या फळीचा अपमानाचा मुद्दा मला मनापासून पटतो. मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले आहे आणि बाटली पुढे सरकवताना खाली गेलेल्या माना पाहिल्या आहेत. २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ला लागू झाला, त्याने गुप्ततेचं संरक्षण दिलं. रोजचा व्हिडिओ किंवा ठसा मागणं त्या कायद्याच्या भावनेशीच भांडण आहे. बाटलीतल्या गोळ्या खुळखुळतात म्हणून कापूस भरणाऱ्या, लेबल खरवडून काढणाऱ्या, गोळ्या कुंकवाच्या डबीत ठेवणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांच्या फोनमध्ये गोळी गिळतानाचा व्हिडिओ साठवायला लावणं म्हणजे त्यांना घराबाहेर काढायला निमित्त देणं. इथवर आपण बरोबर आहोत. पण त्यावरचा उपाय म्हणून मोजणंच सोडलं, तर जो गप्पपणे बुडतो आहे तो बुडताना कुणालाच दिसणार नाही. आदर म्हणून पाठ फिरवली तरी ती पाठच.

तर मग मोजायचं काय? माझं उत्तर: आधी स्वतःला मोजा. जागतिक आरोग्य संघटनेने औषध-प्रतिकाराची आगाऊ सूचना देणारे जे निर्देशक ठरवले, त्यांत रुग्ण वेळेवर गोळ्या नेतो का हे आहे आणि त्याच यादीत केंद्रातला साठा संपला का हेही आहे. एकाच कागदावर दोघांची हजेरी. आपण रुग्णाची हजेरी रोज घेतो आणि साठ्याची गोष्ट आली की आवाज खाली आणतो. जुलै २०२२मध्ये औषधांच्या तुटवड्याविरुद्ध एचआयव्हीसह जगणारी माणसं दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयात आठवडेच्या आठवडे धरणं धरून बसली होती. ज्याला तीसऐवजी दहा गोळ्या मिळाल्या आणि अकराव्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं, तो बाराव्या दिवशी पोचला तर रजिस्टरमध्ये चूक कोणाची लिहायची? बीडहून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारं जोडपं सहा महिने कारखान्यांच्या फडांवर असतं. हातात तीन महिन्यांच्या गोळ्या आणि दुसऱ्या सेंटरच्या नावाची चिठ्ठी असेल तर ते ‘नियमित’, नसेल तर ‘संपर्काबाहेर’. माणसं तीच, ऊस तोच, फरक चिठ्ठीचा.

मग रुग्णाकडे वळायचं, तेही परिणामापासून सुरुवात करून. आपल्याकडे २००४च्या १ एप्रिलला मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा रक्तात विषाणू किती आहे हे मोजणारी व्हायरल लोड तपासणी नियमित करणं परवडणारं नव्हतं. गोळ्या मोजणं हा तेव्हाचा नाइलाज होता. २०१८पासून व्हायरल लोडची तपासणी कार्यक्रमाचा नेहमीचा भाग आहे. विषाणू दबलेला असेल तर तीसांतल्या दोन गोळ्यांवरून भाषण देण्याचं कारण उरत नाही. यावर रास्त आक्षेप आहे: स्थिरावलेल्या रुग्णाची ही तपासणी वर्षातून एकदा होते, मधल्या काळात काय? बिघाड कळेपर्यंत उशीर होऊ शकतो, हे खरं. म्हणून गोळ्या न्यायला उशीर झाला की त्याच आठवड्यात विचारपूस हवी, आणि तपासणीचा निकाल रुग्णाच्या हातात लवकर पडायला हवा. रक्ताच्या एका मिलिलिटरमागे विषाणूंचा आकडा हजाराच्या वर आला की तीन महिने समुपदेशन करून पुन्हा तपासणी होते. लघवीत टेनोफोव्हिर आहे का हे मिनिटांत दाखवणारी चाचणी आता आहे, तिची खरी जागा मला इथे दिसते. गोळी पोटात जाऊनही विषाणू वाढतोय, की गोळीच जात नाहीये, हे कळलं तर विनाकारण दुसऱ्या टप्प्याच्या औषधांवर जाणं वाचतं. रुग्णाला सांगून, त्याच्या उपयोगासाठी केलेल्या तपासणीला माझी हरकत नाही. चोर पकडायला केलेलीला आहे.

आणि यातलं काहीही विचारण्याच्या पद्धतीची जागा घेऊ शकत नाही. मी वर्षानुवर्षं विचारत आले, ‘गोळ्या वेळेवर घेताय ना?’ मराठीतला हा ‘ना’ फार जबरदस्त आहे. तो प्रश्नाच्या पोटातच उत्तर ठेवतो. ‘जेवलात ना?’ म्हटल्यावर उपाशी माणूसही ‘हो’ म्हणतो. डोक्यावरून पदर घेतलेली, पहाटे चारला उठून दोन एसट्या बदलून आलेली बाई सरकारी टेबलासमोर ‘नाही’ कशी म्हणेल? पुढे मी वाक्यच बदललं. आधी सांगायचं की रोजची गोळी सगळ्यांचीच कधी ना कधी राहते. मग विचारायचं की गेल्या आठवड्यात कोणत्या दिवशी राहिली. यालाही दोष आहे, काहीजण उगाच एखादा दिवस सांगतात. पण मला उगाच सांगितलेला एक दिवस चालतो, लपवलेले दहा चालत नाहीत. एका रुग्णासाठी पंधरा मिनिटं लागतात, आणि दिवसाला साठ-सत्तर रुग्ण असले की ती नसतात. व्हिडिओच्या अ‍ॅपवर खर्च करायची तयारी असलेल्यांनी तो पैसा आधी दुसऱ्या काउन्सेलरच्या पगारावर लावावा.

स्टँडवरच्या त्या बाईला मी तसं विचारलं ते तीन-चार महिन्यांनी. गोळ्या मोजल्या नाहीत, बाटली तिच्याकडेच ठेवायला सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘मॅडम, सोमवारी. दर सोमवारीच राहते.’ सोमवारी तिची रात्रपाळी असायची, कारखान्यातल्या पिशव्या गाडीत भरायच्या, आणि गोळी घेतली की तिला चक्कर यायची. आम्ही गोळीची वेळ बदलली, सोमवारची सकाळी.